खास मागणीच्या लॅपटॉपला ‘समतुल्य’ संच कसा चालेल?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि स्क्रीन स्वतः निवडून लॅपटॉप बनवून घेण्याची सोय आता अनेक कंपन्या देतात, आणि पुण्यात वास्तुरचनाकार, व्हिडिओ संकलक व संगणक क्षेत्रातील नोकरदार तिचा लाभ घेतात. तयार मॉडेलपेक्षा जास्त पैसे मोजायचे, संच येईपर्यंत थांबायचे आणि ‘खास मागणीचा माल परत घेतला जाणार नाही’ ही अटही बहुधा मान्य करायची, एवढे करूनही वॉरंटीच्या काळात बिघाड झाला की कंपनीच्या लेखी तो लॅपटॉप इतर चार लॅपटॉपांसारखाच ठरतो.

माझ्या मुलीचा लॅपटॉप मदरबोर्ड (सर्व भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड) बदलल्यानंतरही काम करता करता बंद पडत राहिला, तेव्हा कंपनीने ‘समतुल्य’ संच देऊ केला. मॉडेलचे नाव तेच होते. पण ३२ जीबीच्या जागी १६ जीबी रॅम होती आणि रंगकामासाठी मुद्दाम घेतलेल्या स्क्रीनऐवजी साधी स्क्रीन होती. फरकाची रक्कम मिळेल का, याचे उत्तर सेवा केंद्रात कोणाकडेच नव्हते.

यामागे तांत्रिक कारण आहे, हे मान्य करायला हवे. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपांत प्रोसेसर आणि रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते, त्यामुळे ग्राहकाने निवडलेली रॅम म्हणजे प्रत्यक्षात एक वेगळा मदरबोर्डच असतो, आणि सेवा केंद्राने प्रत्येक प्रकारचा बोर्ड साठवून ठेवावा ही अपेक्षा अवाजवी आहे. बिजागरी, कीबोर्ड किंवा बॅटरीसाठी नवा संच मागणे हा तर निव्वळ हट्ट होय. खास मागणीच्या संचाची चांगली दुरुस्ती झाली तर ती बदलीपेक्षा ग्राहकाच्याच अधिक सोयीची असते. मात्र तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर सुटा भाग नसल्याची झळ ग्राहकाने का सोसावी? वाढीव किंमत घेताना कंपनीला ही अडचण माहीत नसते, असे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम ३९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, तशाच वर्णनाची दोषमुक्त नवी वस्तू देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देऊ शकतो. हे वर्णन कोणत्या कागदावरून ठरवायचे, यावर खास मागणीच्या लॅपटॉपचा सारा वाद येऊन थांबतो. बिलावर अनेकदा केवळ मॉडेलचे नाव असते, निवडलेले घटक मात्र मागणीच्या पोचपावतीत राहतात. म्हणून विक्रेत्याने प्रत्येक घटक बिलावरच लिहावा आणि बदली संच त्या यादीशी ताडून द्यावा. एखादा घटक उपलब्ध नसेल, तर त्याहून सरस घटक द्यावा किंवा पूर्ण किंमत परत करावी, आणि यांतील निवड ग्राहकाची असावी. दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला संच ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय मुळीच देऊ नये.

दाद मागण्याचा मार्ग फारसा खर्चिक नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. शिवाय वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार करताना शुल्क लागत नाही आणि कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. पण प्रत्येकाने आयोगाची पायरी चढावी, ही काही व्यवस्था नव्हे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे. खास मागणीच्या संचांबाबतचे बदलीचे नियम प्रत्येक कंपनीला त्यावर विक्रीपूर्वीच जाहीर करायला लावावेत, आणि १९७४ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीने त्यासाठी विभागाकडे पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे