घड्याळे वाटू नका, पॅच घ्या. पण आधी ईसीजी वाचणारी माणसे नेमा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: अंगावर घालायच्या हृदय-तपासणी उपकरणांची खरेदी आणि वापर

महोदय,

हृदयाचे ठोके दिवसरात्र नोंदवणारी घड्याळे, अंगठ्या आणि छातीवर चिकटवायचे पॅच आता सर्रास मिळतात. ते सरकारी योजनेत घ्यावेत अशी मागणीही वरचेवर कानावर येते. सुई नाही, चिरफाड नाही, भरती व्हावे लागत नाही, त्यामुळे मागणी समजण्यासारखी आहे. आमचे म्हणणे असे: मनगटी घड्याळे घाऊक वाटू नयेत. एका लीडचा, म्हणजे हृदयाची वीज एकाच कोनातून टिपणारा ईसीजी सलग सात दिवस नोंदवणारे पॅच घ्यावेत, तेही ठरावीक रुग्णांसाठीच. आणि त्या नोंदी वाचणारी, रुग्णाला फोन करणारी, औषध चालू करून देणारी माणसे नेमल्याशिवाय एकही पॅच विकत घेऊ नये.

घड्याळाला हृदय दिसत नाही, मनगटातले रक्त दिसते. त्याच्या पाठीला साधारण ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देणारे एलईडी असतात. ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढते, प्रकाश जास्त शोषला जातो, परत येणारा कमी होतो. शेजारचा संवेदक तो चढउतार टिपतो. या पद्धतीला पीपीजी म्हणतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके ती बऱ्यापैकी मोजते. पट्टा सैल असला, हात गार पडला, मनगटावर गोंदण असले की सिग्नल पडतो. सावळ्या-काळ्या त्वचेत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, म्हणून मुळातच तो क्षीण येतो. खुरपताना, भाकरी थापताना, मोटारसायकलवर हात सतत हलतो आणि हालचालीच्या लाटा ठोक्यांत मिसळतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ज्या आजारासाठी घड्याळ घ्यायचे म्हणतात, तो म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलीत एएफ. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांचे ठोके वाटेल तसे पडतात. वरच्या कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. दोन ठोके फार जवळ आले तर दुसऱ्याच्या वेळी कप्पा भरलेलाच नसतो, त्यामुळे त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर मिनिटाला १३० ठोके, मनगटावर ९५, असे सहज घडते. जुन्या सिस्टर म्हणूनच एकीने छाती, दुसरीने नाडी धरून पूर्ण मिनिट मोजतात. घड्याळाला यातली एकच बाजू ठाऊक असते.

काही घड्याळे बोट टेकवल्यावर ३० सेकंदांचा ईसीजीही काढतात. तो खरा ईसीजी असतो, पण फक्त लीड एक. शेतमजुराच्या घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाने रेघ नुसती थरथरते. बोट ओले करून पुसले की सुधारते. हृदयविकाराच्या झटक्याबाबत मात्र ही रेघ धोकादायक ठरू शकते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये दिसतो, आणि लीड एकवर भरवसा ठेवून तो नाकारता येत नाही. पडद्यावर ‘नॉर्मल’ उमटले म्हणून छातीत दुखणारा माणूस घरी बसून राहिला, तर उपकरणाने नुकसानच केले. छातीत दुखले की १०८, आणि दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत बारा लीडचा ईसीजी, हा नियम कोणत्याही उपकरणाने बदलत नाही. मनगटावरून रक्तदाब सांगणाऱ्या बिनपट्ट्याच्या यंत्रांचा मोह तर पूर्ण टाळावा. निदानासाठी आणि औषध ठरवण्यासाठी ती वापरू नयेत, असे युरोपीय उच्चरक्तदाब संस्थेने २०२२ मध्येच म्हटले आहे. आणि हृदयाच्या पंपाचा जोर किती, हे आजही इकोच (हृदयाची सोनोग्राफी) सांगतो.

आता सरसकट तपासणीचा हिशेब पाहू. समजा ६५ वर्षांवरील १०,००० लोकांना उपकरण दिले आणि त्यांपैकी २ टक्क्यांना, म्हणजे २०० जणांना एएफ आहे. उपकरण ९५ टक्के रुग्ण पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर सोडून देते असे धरू. १९० रुग्ण सापडतील, पण ४९० निरोगी लोकांनाही ‘ठोके अनियमित’ अशी सूचना जाईल. घाबरून आलेल्या दर दहा माणसांत जेमतेम तिघे खरे. हेच उपकरण तिशीपुढच्या सगळ्यांना दिले आणि एएफचे प्रमाण ०.२ टक्के धरले, तर १९ खऱ्यांमागे ४९९ खोटे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात ‘९५ टक्के अचूक’ लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. आरोग्य केंद्राच्या दारातल्या रांगेची लांबी मात्र त्या आकड्यातून कळत नाही.

अमेरिकेत घड्याळाचा जो मोठा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४,१९,२९७ लोक होते. सूचना २,१६१ जणांना गेली. खात्रीसाठी ६५८ जणांना ईसीजी पॅच पाठवले, त्यातले वाचण्याजोगे परत आले ४५०, आणि त्यांपैकी ३४ टक्क्यांत एएफ सापडला. पॅच काही दिवस उशिरा लागला आणि एएफ येतो-जातो, त्यामुळे हा आकडा घड्याळाला थोडा अन्याय करतो. आम्हाला जास्त बोलकी वाटते ती २,१६१ पासून ४५० पर्यंतची गळती. स्वतः पैसे मोजून घड्याळ घेतलेल्या लोकांत ही गत असेल, तर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काय होईल ते सांगायला नको.

पॅच कुणाला लावावा? पक्षाघात होऊन गेला पण कारण सापडले नाही, असे रुग्ण पहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात अशा ५५ वर्षांवरील ५७२ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचा २४ तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचा ईसीजी रेकॉर्डर) लावला आणि निम्म्यांना छातीवरच्या पट्ट्याने ३० दिवस नोंद केली. होल्टरने ३.२ टक्क्यांत एएफ पकडला, लांब नोंदीने १६.१ टक्क्यांत. दुसरे रुग्ण म्हणजे ज्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा धडधड किंवा अंधारी येते. त्यांचा २४ तासांचा होल्टर बहुधा कोरा येतो. तिसरे, झडपेचा आजार असून धडधड सुरू झालेले. बेशुद्ध पडून जखमी झालेला, किंवा इकोत हृदय कमजोर असलेला माणूस या यादीत बसत नाही. त्याला भरती करून मॉनिटरवर ठेवायचे. साधा पॅच नोंद करतो, धोक्याची घंटा वाजवत नाही. दुसऱ्या दिवशीचा जीवघेणा ताल आपण अकराव्या दिवशी वाचू.

पॅच वाया जातो तो बहुतेक वेळा लावतानाच. जागा डाव्या कॉलरबोनखाली दोन बोटांवर, तिरकी. बायकांत स्तनाच्या वर, मंगळसूत्र घासणार नाही अशी. लावायला बाईच असावी आणि आडोसा असावा, नाहीतर पॅच कपड्यावरून अंदाजाने चिकटवला जातो. केस असतील तर काढायचे. खोबरेल, पावडर, बाम साबणपाण्याने धुवायचे आणि कोरड्या गॉझने जागा हलकी घासायची, कारण मृत कातडीचा थर विजेला अडवतो आणि रेघ तरंगते. स्पिरिट लावलेच तर पूर्ण उडू द्यायचे. ओल्यावर चिकटवले की खालची कातडी भाजल्यासारखी होते आणि कडा तिसऱ्या दिवशी सुटतात. कडा दोन मिनिटे दाबून धरायच्या. मग रेघ ३० सेकंद पाहायची: पी लहर (वरच्या कप्प्यांची छोटी लहर) दिसते का, आर (खालच्या कप्प्यांची टोकदार लहर) पुरेशी उंच आहे का. नसेल तर रुग्ण समोर असतानाच जागा बदलायची. पहिले २४ तास आंघोळ नाही, नंतर पाठीवर पाणी घेऊन. लाली चालते, फोड आले तर काढायचा.

एक चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. बरीच यंत्रे वेळ ग्रिनिचची धरतात. रात्री दोन वाजता गाढ झोपेत पडलेला ठोक्यांतला खंड मग अहवालात संध्याकाळी साडेआठचा दिसतो. झोपेतला खंड पुष्कळदा निरुपद्रवी असतो; तोच जागेपणी असेल तर पेसमेकरची चर्चा सुरू होते. यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर लावल्याची नोंद फॉर्मवर हवी. रुग्णाने त्रास होताना दाबायचे बटण आणि त्याने सांगितलेली वेळ जुळली पाहिजे, नाहीतर बटणाला अर्थ राहत नाही.

नोंदीचा आकारही लक्षात घ्यावा. सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ एमबी, सात दिवसांचे ३०० एमबी. हे रुग्णाच्या मोबाइलवरून पाठवण्याचा आग्रह धरू नये. पॅच परत आणावा, त्यातला नोंद साठवणारा रेकॉर्डर उपजिल्हा रुग्णालयात केबलने रिकामा करावा. सात दिवस अंगावर, तीन दिवस परतीला, एक दिवस उतरवणे-पुसणे-चार्ज करणे, असे धरले तर एक रेकॉर्डर वर्षाला ३३ रुग्णांना पुरतो. जिल्ह्याला २० रेकॉर्डर म्हणजे ६६० रुग्ण, आठवड्याला तेरा अहवाल.

हे तेरा अहवाल कोण वाचणार, यावर सगळे अडते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून जास्त ठोके होतात. सॉफ्टवेअर हजारात एक चुकले तरी दिवसाला शंभर चुका. जादा ठोक्यांना ते एएफ म्हणते, हात कापणाऱ्या म्हाताऱ्याच्या स्नायूंच्या थरथरीलाही म्हणते. प्रशिक्षित ईसीजी तंत्रज्ञाचे पाऊण तास एका अहवालाला धरले तर आठवड्याचे दहा तास, आणि त्यावर फिजिशियनची सही. पद अर्धवेळ पुरेल, पण ते कागदावर मंजूर पाहिजे. सलग ३० सेकंदांहून लांब व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यांतून उठणारे वेगवान ठोके), पूर्ण हार्ट ब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली न पोचणे), जागेपणी तीन सेकंदांहून मोठा खंड: यांसाठी त्याच दिवशी फोन, फोन लागला नाही तर आशाताई घरी. नव्याने सापडलेल्या एएफसाठी सात दिवसांत इको.

हृदय कमजोर असलेल्या रुग्णांवर घरी लक्ष ठेवण्याचेही हेच. अमेरिकेत १,६५३ रुग्णांना रोज फोनवरच्या यंत्राला लक्षणे आणि वजन सांगायला लावले; २०१० मध्ये निकाल आला तो काहीच फरक नसल्याचा. जर्मनीत १,५७१ रुग्णांचे वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज बर्लिनच्या एका केंद्रात जात होते, तिथे डॉक्टर-नर्स चोवीस तास होते. २०१८ च्या निकालानुसार मृत्यू किंवा हृदयविकाराच्या तातडीच्या भरतीमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला २४.२ वरून १७.८ वर आले. यंत्रे तिथली काही जादूची नव्हती.

औषधाचा मुद्दा आपल्याकडे वेगळा आहे. श्रीमंत देशांत एएफ सापडला की बहुधा नवी, वरचेवर रक्ततपासणी न लागणारी, रक्त पातळ करणारी गोळी देतात. आपल्याकडे बालपणीच्या संधिज्वराने खराब झालेल्या मायट्रल झडपेमुळे एएफ झालेले रुग्ण पुष्कळ आहेत. भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इनव्हिक्टस अभ्यासात अशा संधिज्वरी झडपेच्या रुग्णांत रिव्हरॉक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुन्या गटातली, वॉरफॅरिनसारखी गोळी सरस ठरली. मृत्यूही कमी झाले. म्हणून आधी इको, मग गोळीची निवड. आणि वॉरफॅरिन किंवा त्याच गटातले असिनोकुमॅरॉल द्यायचे तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये राखावा लागतो, सुरुवातीला आठवड्याला, पुढे महिन्याला तपासून. ही तपासणी तालुक्याला होत नसेल तर गोळी सुटते, किंवा डोस न तपासता चालू राहून रक्तस्राव होतो. बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या पॅचच्याच मागणीपत्रात घालाव्यात.

महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या निविदेत काही अटी हव्यात. रेकॉर्डर पुन्हा वापरता येणारा आणि चिकटपट्टी वेगळी असावी; पट्टीचा दर पाच वर्षांसाठी आजच बांधून घ्यावा, कारण रेकॉर्डर स्वस्त देऊन पट्टीवर वसुली करण्याची चाल जुनी आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालील परवाना उपकरणाला आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरलाही असावा. मूळ रेघ ईडीएफसारख्या खुल्या स्वरूपात मिळावी, नुसती पीडीएफ नव्हे. नोंदी देशातल्या सर्व्हरवर राहाव्यात आणि रुग्णाच्या संमतीशिवाय कंपनीने त्या आपले सॉफ्टवेअर शिकवायला वापरू नयेत. पट्टीतली जेल उष्णतेने वाळते. पुरवठ्याच्या दिवशी मुदतीचा तीन चतुर्थांश काळ शिल्लक असावा आणि पाकिटे पत्र्याच्या गोदामात ठेवू नयेत.

सुरुवात तीन जिल्ह्यांत करावी: उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारा चंद्रपूर, दमट हवेचा आणि म्हाताऱ्या माणसांचा सिंधुदुर्ग, विखुरलेल्या पाड्यांचा नंदुरबार. एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात आला पाहिजे. मोजायचे चार आकडे: पूर्ण सात दिवस टिकलेले पॅच किती, त्यांतले वाचण्याजोगे तास किती, पॅच लावल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंत दिवस किती, आणि एएफ सापडलेल्यांपैकी तीन महिन्यांनी योग्य गोळीवर किती जण आहेत. पहिले तीन पुरवठादार देईल. चौथा जिल्हा शल्यचिकित्सकांकडून दरमहा आढावा बैठकीत मागवावा, आणि तो येईपर्यंत पुढच्या जिल्ह्यांची खरेदी थांबवावी.

आपले,
हृदयरोग सेवा आणि वैद्यकीय उपकरणे या क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर, जैववैद्यकीय अभियंते आणि ईसीजी तंत्रज्ञ