मांडवीला संध्याकाळी सात वाजता

रिक्षावाले काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही. बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या तुमच्या स्टँडवरचे चौघे वाचतील आणि ओळखतील, तेवढं पुरे.

धावत्या रिक्षात फोनवरचा व्हिडिओ कुठं आणि का अडतो, यावरचा माझा एम.ई.चा प्रबंध जमा होऊन महिना झाला. त्यात ऋणनिर्देशाचं पान आहे. मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळेतले सहायक आहेत, आई-बाबा आहेत. तुम्ही नाही. पहिल्या मसुद्यात होतात. छापायला देण्याच्या आदल्या रात्री ती ओळ मीच खोडली. वाटलं, बाहेरून येणारे परीक्षक हसतील. त्यांनी तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं, ‘दुपारची मोजमापं हातात असताना संध्याकाळी पुन्हा का घेतलीत?’ मी म्हणाले, ‘प्राथमिक निरीक्षणावरून.’ निरीक्षण कोणाचं, ते गिळलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

कलाभवनच्या, म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, फाटकापाशी मी पहिल्यांदा तुमच्या रिक्षात बसले तेव्हा मांडीवर स्टीलचं ताट होतं आणि त्याला रबरबँडनं बांधलेले दोन फोन. एकावर व्हिडिओ चालू, दुसऱ्यावर नुसते आकडे. तुम्ही आरशातून दोनदा बघितलंत, विचारलं काही नाहीत. तीन फेऱ्या आपण गुजरातीतच बोललो. चौथ्या फेरीला आईचा फोन आला, मी ‘येते गं जेवायला’ म्हणाले आणि तुम्ही ब्रेकच दाबलात. ‘अहो, मग आधी सांगायचं ना! मी आपला केम छो, केम छो करतोय.’ बडोद्यात हे असं होतंच.

मग ताटाची चौकशी झाली. मी सांगितलं, सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. चित्र हलतं करायला निघालेला माणूस इथला, आणि त्याच आवारातून मी निघालेय ते चित्र कुठं थांबतं हे मोजायला. तुम्ही म्हणालात, ‘त्यांनाही कुणी टांगेवाला भेटला असेल.’

फोनवरचा व्हिडिओ छोट्या तुकड्यांत कापून सर्व्हरवर ठेवतात. माझ्या प्रयोगात तुकडा चार सेकंदांचा होता. प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार असतो, धूसर आणि हलका इथपासून स्वच्छ आणि जड इथपर्यंत. पुढचा कोणता मागवायचा हे फोनमधला प्लेअर दर वेळी ठरवतो. या रीतीचं ॲपलचं रूप, एचएलएस, 2009 मध्ये आलं, 2012 मध्ये डॅश नावाचं तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि ही रीत सगळीकडे पसरली. मागचा तुकडा किती वेगानं आला त्यावरून पुढच्याचा अंदाज बांधावा, ही एक पद्धत. पण धावत्या रिक्षात मागच्या चौकातला वेग पुढच्या चौकात काय कामाचा? मी तिथंच अडकले होते.

‘म्हणजे त्याला टाकी आहे का? आमच्या सीएनजीसारखी?’ तुम्ही विचारलंत. आहे, तिला बफर म्हणतात. आलेले तुकडे तिथं साठतात. ‘मग वेग कशाला बघायचा? टाकी बघायची. भरलेली असली की लांबचं भाडं घ्यायचं, काटा खाली आला की जवळच्या जवळ फिरायचं.’

काका, 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि नेटफ्लिक्समधल्या संशोधकांनी मिळून एक पेपर मांडला, त्याचा गाभा हाच. दर्जा ठरवताना साठ्याकडे बघा. तो मी तीनदा वाचला होता. साठा वाढेल तसा दर्जा चढवणारी त्यातली तिरकी रेघ मला वहीत काढता यायची. ती तिरकी का, हे सूरसागर तलावाच्या कडेला कळलं. वर तुम्ही विचारलंत, ‘आणि सकाळी टाकी रिकामीच असली तर?’ पेपरातही हीच अडचण आहे. सुरुवातीला साठा नसतो, तेव्हा वेगाचा अंदाज घ्यावाच लागतो. मी ते लिहून घेत होते आणि तुम्ही मागच्यांचे हॉर्न खात उभे होतात.

पण खरं ऋण मांडवीचं आहे.

माझी सगळी मोजमापं अकरा ते एकमधली होती. कारण अगदी शास्त्रीय, मला तेव्हा लेक्चर नसायचं. न्यायमंदिर, लहरीपुरा, मांडवी, परत फिरून रावपुरा, कोठी, काळा घोडा. आलेख देखणे आले. जिथं रेंज चांगली तिथं व्हिडिओ चांगला, असा निष्कर्षही मी लिहायला घेतला होता. तुम्ही मान हलवलीत. ‘ताई, मांडवीला रेंज फुलच असते. संध्याकाळी सातला या, फुल रेंजमध्ये व्हिडिओ अडून चकरी फिरताना दाखवतो. मी तर घरी फोनसुद्धा आत शिरायच्या आधी करून घेतो.’

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. खरेदीला लोटलेल्या गर्दीत आपण मुंगीच्या पावलानं सरकत होतो. दुसऱ्या फोनवर सिग्नलचा आकडा जवळजवळ दुपारचाच होता. पहिल्यावरचा व्हिडिओ आधी धूसर झाला, मग टाकी संपली, मग चकरी. तुम्ही मागं वळून फक्त ‘बघा’ म्हणालात.

टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती खणखणीत पोचतो, एवढंच फोनवरच्या रेंजच्या काड्या सांगतात. टॉवरसमोर रांग किती, हे त्यांना ठाऊक नसतं. फोर-जीच्या लहरींचा वीस मेगाहर्ट्झचा पट्टा असेल तर त्याचे शंभर वाटे पडतात आणि दर मिलिसेकंदाला टॉवर ते वाटत बसतो. दुपारी पानभर वाढणारा वाढपी संध्याकाळी बोटभर वाढतो. हे मला येत होतं. परीक्षेत यावर मार्क मिळवले होते. मोजायला निघाले तेव्हा मात्र डोक्यात आलं नाही, आणि तुम्ही ते रोज भाड्यामागे भाडं मारताना बघत होतात.

चौथं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. त्यासाठी अकरा संध्याकाळी आपण तोच रस्ता केला. ऐन धंद्याच्या वेळी तुम्ही इंजिन बंद करून उभे राहायचात, कारण माझी फाइल उतरायची असायची. विचारायला आलेल्या माणसांना हातानं ‘नाही’ म्हणायचात. वेटिंगचं विचारलं की एकच उत्तर, ‘मीटर पळालं तेवढंच द्या.’

त्याचा हिशोब माझ्याकडे आहे. लॉगमध्ये दर सेकंदाला वेळ आणि जीपीएसची नोंद आहे, त्यामुळे रिक्षा कुठं किती उभी होती हे बेरीज केली की निघतं. मी केली. तीन तास बावीस मिनिटं. ते पैसे आणि प्रबंधाची एक प्रत घेऊन येत्या रविवारी स्टँडवर येते. प्रतीत ऋणनिर्देशाच्या पानावर ती खोडलेली ओळ हातानं लिहिली आहे, नावासकट. नको म्हणालात, अगदी गुजरातीत म्हणालात, तरी ऐकणार नाही.

आपली,
ताटवाली