आकडीच्या कुत्र्यांसाठी रक्ततपासणी आणि औषधकार्ड द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

आमच्या लालबागच्या घरात राणी ही देशी कुत्री आहे. तिला अपस्मार, म्हणजे आकडी किंवा फिट येण्याचा आजार आहे, म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी फिट रोखणाऱ्या फिनोबार्बिटोनची गोळी पोळीच्या तुकड्यात घालून द्यावी लागते. मागणी मात्र तिच्या एकटीची नाही. घराघरांतल्या अशा कुत्र्यांची आहे, आणि सोसायटीचा वॉचमन ज्यांना आठवणीने गोळी भरवतो त्या गेटपाशच्या कुत्र्यांचीही आहे.

फिटचं औषध एकदा सुरू झालं की पुढचं प्रत्येक औषध त्याच्याशी जुळतं का, हे पाहावं लागतं. औषधांचं विघटन करणारी यकृतातली एन्झाइम्स फिनोबार्बिटोनमुळे वाढतात. मग ते स्वतःच लवकर संपू लागतं : डोस तोच, पण काही आठवड्यांनी रक्तातली पातळी खाली. जोडीला लेव्हेटिरासिटाम किंवा झोनिसामाइड हे फिटचंच दुसरं औषध दिलं तर तेही शरीरातून लवकर निघून जातं आणि नेहमीचा डोस अपुरा पडू शकतो.

आपल्या मुंबईत पावसाळा लागला की कुत्र्यांच्या कातडीला बुरशी धरते. त्यावर केटोकोनॅझोलच्या गोळ्या दिल्या तर उलटा प्रकार होऊ शकतो. फिनोबार्बिटोनचं विघटन मंदावतं, पातळी चढते, कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, मागचे पाय लटपटतात. क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकनेही हेच होतं. गोचिडांवरच्या अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर या गोळ्यांमुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. आकडीचा इतिहास असलेल्या कुत्र्याला त्या विचार करूनच द्यायच्या असतात.

पोटॅशियम ब्रोमाइड या फिटच्या आणखी एका औषधाची तऱ्हा वेगळीच. ते यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि खाण्यातलं मीठ वाढलं की जास्त वेगाने बाहेर पडतं. शेजारच्या काकूंनी मायेने घातलेले खारे सुके बोंबील रोजचेच झाले तर ब्रोमाइडची पातळी घसरून थांबलेल्या फिट पुन्हा सुरू होऊ शकतात. हे औषध देणाऱ्या प्रत्येक घराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

यात डॉक्टरांचा दोष मी काढत नाही. कातडीसाठी एक दवाखाना, रात्री अपरात्री फिट आली तर उघडा सापडेल तो दुसरा. तिथल्या डॉक्टरांना आधीच्या गोळ्या कोण सांगणार? घाबरलेल्या माणसाला नावं आठवत नाहीत, तो "पांढरी, छोटी गोळी" एवढंच सांगतो.

दुसरी अडचण रक्ततपासणीची. फिनोबार्बिटोनची पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला १५ ते ३५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर दोनेक आठवड्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ती मोजावी लागते. फिट पुन्हा आली तर औषध कमी पडलं की आजार वाढला, हे त्या आकड्याशिवाय कसं कळणार? अंदाजाने डोस वाढवला तर भार यकृतावर येतो. औषध एकदम बंद केलं तर फिटमागून फिट येऊन जीव जाऊ शकतो. राणीचा नमुना घेऊन आम्ही माणसांच्या एका लॅबमध्ये गेलो, तर कुत्र्याचं रक्त म्हटल्याबरोबर काउंटरवरूनच परत पाठवलं.

म्हणून मागणं दोनच. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून या शहरात आहे. तिथे फिनोबार्बिटोन आणि ब्रोमाइड या दोन्हींची पातळी सर्वसामान्यांना परवडेल अशा दरात नियमित मोजली जावी, आणि उपनगरांतल्या दवाखान्यांतून नमुने तिथे पोहोचवण्याची सोय व्हावी. जेल असलेल्या नळीत रक्त राहिलं तर फिनोबार्बिटोनचा आकडा खोटाच कमी येतो, एवढी सूचना नमुना घेणाऱ्यांना आवर्जून द्यावी.

दुसरं, आकडीच्या प्रत्येक जनावराला मराठीत छापलेलं औषधकार्ड द्यावं. त्यावर औषधाचं नाव, डोस, वेळ, शेवटची पातळी, टाळायची औषधं, आणि ठळक अक्षरांत : "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." कार्डाला खर्च फारसा नाही. ते तरी येत्या पावसाळ्याआधी सरकारी पशुदवाखान्यांत पोहोचावं, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
राणीची पालक, लालबाग, मुंबई