पडलेली पापणी आणि 'मोठा झाला की उघडेल'

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारशाला बाळाची एक पापणी खाली दिसली की इंदुरातल्या आपल्या घरांत कुणीतरी म्हणतेच, "झोपाळू आहे, मोठा झाला की उघडेल." मग मालिशवालीला भुवईवर तेल जिरवायला सांगतात. जन्मतः पडलेली पापणी तेलाने वर येत नाही. ती उचलणाऱ्या स्नायूची वाढच अपुरी असते. त्यात चरबी आणि ताठर तंतू असतात. असा स्नायू नीट सैलही पडत नाही, म्हणून बाळ खाली पाहते तेव्हा तीच पापणी दुसरीपेक्षा किंचित वर राहते.

पापणीने डोळ्याची बाहुली झाकली, तर त्या डोळ्याने पाहायला मेंदू शिकतच नाही. हे शिकणे पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते आणि सात-आठ वर्षांनंतर फारच थोडे उरते. एकाच बाजूची पापणी पडली असेल तर घाई अधिक, कारण दुसऱ्या डोळ्यावर भागते. हनुवटी उचलून पाहणारे मूल तो डोळा वापरायची धडपड करत असते. त्याने हनुवटी उचलणे सोडले की घरचे खूश होतात, पण मेंदूने त्या डोळ्याचा नाद सोडल्याचीही ती खूण असू शकते.

बाळाच्या समोर हातभर अंतरावर मंद टॉर्च क्षणभर धरा. बाहुलीत पांढरा ठिपका चमकतो. पापणीची कड त्याच्या ४-५ मिमी वर हवी. ठिपकाच झाकला जात असेल तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. दूध ओढताना पापणी उडत असेल तर तेही सांगा, शस्त्रक्रियेचा बेत बदलतो. चांगली पापणी अचानक पडली किंवा दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर त्याच दिवशी दाखवा.

बाहुली झाकलेली असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांतही करतात. बहुधा पापणीवर दोन आणि भुवईवर तीन बारीक छेद घेऊन सिलिकॉनची दोरी आतून ओवतात आणि पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. भुवई उचलली की पापणी उचलते. ही दोरी पुढे सैल पडू शकते. दोरीऐवजी मांडीतून काढलेली चिवट तंतूंची पट्टी जास्त टिकते, पण ती काढण्याइतका पाय साधारण तीन-चार वर्षांनी वाढतो, तोवर थांबले तर दृष्टी जाते. बाहुली मोकळी असेल तर मात्र घाई नको. स्नायूची ताकद नीट मोजता येते तेव्हा, तीन ते पाच वर्षांच्या सुमारास, शस्त्रक्रिया ठरवावी. तोवर दर ३ ते ६ महिन्यांनी थेंब टाकून चष्म्याचा नंबर तपासावा, कारण अशा डोळ्यात तिरपा (सिलिंडर) नंबर येतो आणि त्यानेही दृष्टी मंदावते.

भूल देण्याआधी आईचे दूध ४ तास आणि वरचे दूध ६ तास बंद हवे. बाळ रडते म्हणून आजीने दिलेले चमचाभर दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही. म्हणून डोळा ओला ठेवायला दिवसा थेंब, रात्री मलम. आणि कूलरचा झोत तोंडावर नको. डोळा लाल झाला, बाळ उजेडात तो उघडेना, तर बुबुळ सुकले असे समजून त्याच दिवशी दाखवावे.

लसीकरणाला ६, १० आणि १४ आठवड्यांना बाळ येतेच. सुई टोचण्याआधी दोन्ही पापण्या पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. ही तपासणी प्रत्येक केंद्रावर व्हावी, अशी आमची मागणी आहे.

पापणी वर आली म्हणून मंदावलेली नजर परत येत नाही. चष्मा लागतो, चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावावी लागते. मूल ती ओढून काढणारच, पुन्हा लावायची.

आपले,
बालनेत्रतपासणीच्या कामातील काही जण, इंदूर