माझे डाग पुसू नका, पण त्याला धाडस पण म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत नागपूरच्या चार पोरींचे फोटो छापून आले होते. एकीच्या हातभर टॅटू, एकीचे केस मोरपंखी, एक चांगली अंगानं भरलेली आणि चौथीच्या चेहऱ्यावर कोड, आणि वर मथळा काय तर ‘व्यंगावर मात’. मग बुधवारी त्याच्यावर दोन वाचकांची पत्रं आली, एका काकांना सगळा थिल्लरपणा वाटला आणि एका ताईंना त्या पोरींच्या हिमतीला सलाम ठोकावासा वाटला. मी दोन्ही पत्रं चहासोबत वाचली आणि खरं सांगू का, मला काकांपेक्षा ताईंचाच जास्त राग आला. का ते सांगते, थोडं लांबेल, जागा कमी असेल तर मधलं कापा पण मथळ्याबद्दलचं कापू नका.

मी ४७ वर्षांची आहे, नोकरी करते, आईसोबत राहते. नववीत असताना उजव्या कोपरावर पहिला पांढरा ठिपका आला आणि कॉलेज संपेपर्यंत दोन्ही हात, मान आणि ओठाची एक बाजू, एवढं सगळं गेलं. कोड. डॉक्टर विटिलिगो म्हणतात. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते आणि तेवढ्या जागचा रंग जातो, गोष्ट एवढीच आहे. लागत नाही, कुष्ठरोगाशी काही संबंध नाही, आणि मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं तर अजिबात होत नाही (आमच्या घरात मासे येतच नाहीत, तरी शेजारच्या काकूंनी आईला दहादा तरी खोदून विचारलं असेल).

आमच्या गल्लीतले पोट्टे मला मारबत म्हणायचे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे मोठ्ठे पुतळे, निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत अख्खं गाव मागे, आणि शेवटी त्या जाळतात. तर माझ्याबाबतीत पोट्ट्यांचा प्रॉब्लेम असा की ही काळी का पिवळी तेच ठरत नाही. आता हसू येतं, तेव्हा पोळ्याचे दोन दिवस मी घराबाहेर पडत नव्हते.

आणि अजून एक सांगते, हे फक्त नागपूरकरांनाच कळेल. वर्षातला माझा सगळ्यात आवडता महिना म्हणजे मे. पारा ४५ वर, रस्ता चटके देऊन राहिला, आणि तरी मी खूश, कारण मेमध्ये अख्खं नागपूर तोंडाला स्कार्फ बांधून, पूर्ण बाह्यांचे हातमोजे घालून गाडीवर फिरतं. सीताबर्डीच्या सिग्नलवर शंभर बायका आणि सगळ्यांचे फक्त डोळे दिसतात, त्यात मी कोण ओळखा. पावसाळा लागला की बाकीच्यांचे स्कार्फ सुटायचे आणि माझा काही सुटायचा नाही.

आता फोटोवर येते, कारण पत्र फोटोबद्दलच आहे.

२००१ साली मला दाखवायचं ठरलं तेव्हा बाबांनी एका स्टुडिओत नेऊन फोटो काढला. पूर्ण बाह्यांचं ब्लाउज, मान झाकेल असा पदर, पण ओठाच्या बाजूचा डाग काही झाकता येईना. फोटो हातात आला तेव्हा डाग नव्हता. फोटोवाल्यानं ब्रशनं भरून टाकला होता, आम्ही सांगितलं नव्हतं, त्यानं आपल्या मनानंच केलं आणि वर बाबांना म्हणाला की एक्स्ट्रा पैसे नको, मुलीचं काम आहे. चांगल्या मनानंच केलं असेल बिचाऱ्यानं. पण मग मंडळी बघायला आली, पोहे झाले, आणि मुलाची आई माझ्याकडे बघत सगळ्यांसमोर म्हणाली, फोटोत तर हे नव्हतं, तुम्ही फसवून राहिले आम्हाला. त्या दिवशी बाबांची मान जी खाली गेली ती मला अजून दिसते. कोड होतं म्हणून नकार आला असता तर एक वेळ चाललं असतं हो, पण खोटारडे ठरलो ते त्या फोटोमुळं. त्यानंतर बावीसेक वर्षं मी आधार कार्ड आणि ऑफिसचं ओळखपत्र सोडून फोटोच काढला नाही. कोणाच्या लग्नात ग्रुप फोटो निघाला की मी कुठं तरी चपला शोधत असायचे.

मागच्या जानेवारीत माझ्या भाचीनं गळ घातली. ती आणि तिच्या कॉलेजची पोरं असे ‘आल्टरनेटिव्ह’ फोटो काढतात, म्हणजे नेहमीच्या मॉडेलिंगच्या मापात न बसणाऱ्या लोकांचे. मी म्हटलं, अगं मला कायले पाहिजे हे या वयात. ती म्हणाली, मावशी, कपडे तू ठरव, कसं उभं राहायचं ते तू ठरव, फोटो आवडला नाही तर तुझ्यासमोर डिलीट. हे ‘तू ठरव’ ऐकून मी अडकले. मला आजवर असं कोणी म्हटलंच नव्हतं, डाग झाकायचे कसे हेच सगळे ठरवत आले.

मंगळवारी सकाळी सातला महाल भागातल्या एका मैत्रिणीच्या जुन्या वाड्यात गेलो. सात वाजता का, तर कोडाच्या कातडीला ऊन सोसत नाही, रंगच नाही तर संरक्षण कुठलं, दहा मिनिटांत लालबुंद होते, म्हणून कोवळं ऊन आणि वर सनस्क्रीनचा लेप. मी नेसले होते आईची जुनी करवतकाठी, आणि ब्लाउज बिनबाह्यांचं. ते ब्लाउज मी स्वतः शिवलं होतं, आठ दिवस मशीनवर पडून होतं, शिवायचं आणि परत उसवायचं. फोटो काढणारा पोरगा असेल विशीतला, अर्धा तास झाला तरी काही बोलेना, मग हळूच म्हणाला, काकू, तुम्ही हात लपवून राहिल्या. मी बघितलं तर खरंच, दोन्ही हात पदराखाली. कधी गेले मलाच माहीत नाही. मी ते बाहेर काढले आणि वाड्याच्या खांबाला धरून उभी राहिले, त्यानं ना शाब्बास म्हटलं ना डोळ्यांत पाणी आणलं, फक्त म्हणाला की लाइट चांगला येतोय, हनुवटी थोडी डावीकडे. बस. त्या ‘हनुवटी डावीकडे’नं मला जेवढं बरं वाटलं तेवढं कोणाच्या सलामानं वाटलं नाही.

घरी आल्यावर भाचीनं मोबाइलवर एकेक दाखवायला सुरुवात केली आणि मला कळलं की हे काही कालपरवाचं खूळ नाही. लंडनमध्ये १९६९ पासून ‘अग्ली’ नावाची एजन्सीच आहे, जाहिरातींसाठी मुद्दाम वेगळे चेहरे देणारी. १९९८ मध्ये एमी मलिन्स नावाची बाई, तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली लहानपणीच कापलेले, अलेक्झांडर मॅक्वीन या फॅशन डिझायनरच्या रॅम्पवर कोरीवकाम केलेले लाकडी पाय लावून चालली आणि बघणाऱ्यांना वाटलं की हे बूट आहेत, कुठं मिळतील! कॅनडाचा रिक जेनेस्ट, अंगभर हाडांच्या सापळ्याचा टॅटू, २०११ मध्ये त्याला एका कन्सीलरच्या, म्हणजे डाग झाकायच्या मेकअपच्या, जाहिरातीत घेतलं. आधी सगळे टॅटू मेकअपखाली गायब केले, साधा गोरा मुलगा दिसायला लागला, आणि मग तो कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या हातानं ते पुसत जातो आणि खालून सापळा वर येतो. आता ती जाहिरात कन्सीलरचीच हे मलाही समजतं, कंपनीला माल विकायचाय. पण आयुष्यभर क्रीम थापणाऱ्या माणसाला ते उलटं पुसणं बघून काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. मी ते चार वेळा बघितलं. आणि आपली रेश्मा कुरेशी, ॲसिडनं चेहरा जळालेली मुंबईची पोरगी, २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या फॅशन वीकमध्ये चालली.

कोडवाली विनी हार्लो पण कॅनडाचीच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मॉडेलच्या टीव्ही स्पर्धेतून पुढं आली आणि नंतर मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत. तिनं एक गोष्ट जाहीरपणे सांगितलीय, की मला विटिलिगोची पीडित म्हणू नका आणि विटिलिगोची मॉडेल पण म्हणू नका, मी मॉडेल आहे. संपादक साहेब, माझं तुमच्या मथळ्याबद्दल हेच म्हणणं आहे. त्या चौथ्या पोरीनं कशावर मात केली? कोड होतं तिथंच आहे. तिनं एक छान पिवळा कुर्ता घातला होता, केस वर बांधले होते, भिंतीला टेकून उभी होती. तुम्ही एखाद्या गोऱ्या, सडपातळ पोरीचा असा फोटो छापला असता तर खाली लिहिलं असतं की कुर्ता कसला, कापड कुठलं, यंदा हीच फॅशन. हिच्या फोटोखाली कुर्त्याबद्दल एक शब्द नाही. आणि टॅटूला, केसांच्या रंगाला, जाडीला पण व्यंगच म्हणून टाकलं तुम्ही सरसकट. ताईंनी हिंमत हिंमत केलं त्याचा अर्थ हाच की एवढं कुरूप असून बाहेर येते म्हणजे हिची कमाल. तोंडावर सलाम आणि मनात ‘अरेरे’. काकांनी निदान सरळ शिवी दिली.

टॅटूवरून आठवलं, काकांनी संस्कृतीचं काढलंय. काका, तुमच्या आजीच्या हातावर गोंदण नव्हतं का? माझ्या आजीच्या मनगटापासून कोपरापर्यंत तुळशीवृंदावन, हनुवटीवर तीन ठिपके, आणि ती म्हणायची की मेल्यावर सोबत एवढंच येतं, सोनं इथंच राहतं. आपल्या विदर्भात गोंड बायांच्या अंगावर किती सुंदर गोंदणं असतात. तेव्हा तो दागिना होता आणि तेच आता पोरीनं मशीननं काढून घेतलं तर थिल्लर. अंगप्रदर्शन म्हणाल तर बिनबाह्यांचं ब्लाउज अर्ध्या नागपूरच्या लग्नांत दिसतं, माझ्या हातावर तेच अंगप्रदर्शन होतं कारण अंग तुम्हाला आवडत नाही.

पण या पोरांचं सगळंच मला पटलंय असं नाही. भाचीनं जे शेकडो फोटो दाखवले त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरी बारीक, गोऱ्या, नाकीडोळी नीटस, फक्त कानात आठ बाळ्या आणि खांद्यावर एक टॅटू. चौकट मोडली म्हणतात आणि शेजारी दुसरी ठोकतात. चाळिशीच्या पुढची बाई तर औषधाला नाही. आणि काही फोटोंत कोडाचे डाग इतके चकचकीत करून दाखवलेले की जणू कोणी पेंट केलेत, तो पण रिटचच झाला ना, फक्त उलट्या दिशेनं. शिवाय पोरींना ‘पोर्टफोलिओ’च्या नावाखाली आधी पैसे मागणारे, एकटीच ये म्हणणारे लोक या धंद्यातही आहेतच. माझ्या भाचीचा नियम मला आवडला, अठराच्या खाली कोणी नाही, सोबत आपलं माणूस आणायचं, आणि फोटो कुठं कुठं जाणार ते आधी कागदावर लिहून दोघांची सही. मी सही करताना ‘वर्तमानपत्रात नाही’ असं लिहिलं होतं, त्यामुळं या पत्रासोबत फोटो नाहीये.

आणि एक फोटो काढला की सगळं ठीक झालं, असं तर बिलकुल नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला मी पूर्ण बाह्यांचाच ड्रेस घालून गेले. गोरं करायच्या त्या प्रसिद्ध क्रीमवाल्यांनी २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं म्हणून काही नागपूरच्या लग्नाच्या जाहिरातींतला ‘गोरी’ शब्द गेला नाही, तुमच्याच पेपरात रविवारी मोजून बघा. फरक एवढाच पडला की आता ऑफिसात चेक घेताना हात पुढं करते तेव्हा आधी मनगट आत वळवायची सवय होती ती कमी झालीय. कधी झाली तेही लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात अर्ध्या बाह्या दोनदा घातल्या, तिसऱ्यांदा लिफ्टमध्ये एक बाई सरकून उभी राहिली तर परत बंद केल्या, बघू पुढच्या वर्षी.

आईला फोटो दाखवायला मला पंधरा दिवस लागले. तिला मोबाइलवर नीट दिसत नाही म्हणून प्रिंट काढून आणली आणि प्रिंटवाल्याला तीनदा बजावलं की भाऊ, काही साफ करू नको. आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं, मी आपली स्वयंपाकघरात भांडी उगाचच हलवत होते. मग तिनं हाक मारली आणि म्हणाली, काखेत शिलाई ओढली गेलीय तुझी, उसवून परत घाल, आणि माझी करवतकाठी अजून किती छान दिसते बघ.

तुमची वाचक,
प्रतापनगर, नागपूर

ता.क. नाव छापू नका. लाज वगैरे काही नाही, पण तो मंगळवार होता आणि मी ऑफिसात ताप म्हणून रजा टाकली होती.