हरलेल्या लेकराचं नाव कशाला छापता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विभागीय शालेय बास्केटबॉल स्पर्धेत आपल्या जिल्ह्याचा चौदा वर्षांखालील मुलींचा संघ उपांत्य सामन्यात एका गुणाने हरला. आपल्या अंकात त्याची बातमी आली. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेटमधून उरलेल्या जागेत आमच्या खेळाचं नाव यायला एरवी वर्ष वर्ष जातं, म्हणून बातमी आली याचा आधी आनंदच झाला. पण शीर्षक होतं, 'मोक्याच्या क्षणी कच खाल्ली'. खाली पहिल्याच वाक्यात एका मुलीचं पूर्ण नाव, शाळा आणि इयत्ता. शेवटच्या काही सेकंदांत मिळालेले दोन्ही फ्री थ्रो (समोरच्या संघाच्या फाउलबद्दल रेषेवरून बॉल टाकायच्या संधी) तिने चुकवले आणि साताऱ्याच्या हातचा सामना गेला, असं त्यात लिहिलं होतं.

ती मुलगी आठवीत आहे. साताऱ्यात मी शाळेतल्या मुलींना खेळ शिकवते, ती माझ्याच हाताखाली तयार झाली. बातमी आल्यापासून ती मैदानावर आलेली नाही. मी घरी गेले तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आजी दारात म्हणाल्या, "चुकलं असंल पोरीचं, पण आख्ख्या गल्लीनं वाचलं की वो बाई." वडिलांनी पुढच्या वर्षीच्या नववीचा आणि क्लासचा विषय काढला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

त्या सामन्यात मी बेंचवर होते. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये आमच्या संघाने रिंगखालचे सोपे ले-अप, म्हणजे अगदी जवळून बॉल टाकायच्या संधी, किती घालवले, ते माझ्या वहीत आहे. रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडायला, आमच्या मुली उंचीला कमी पडल्या. संघ पिछाडीवर असताना तो शेवटपर्यंत ओढत आणला तो ह्याच मुलीने आणि शेवटचा फाउल मिळवला तोही तिनेच, कारण दोन उंच मुलींच्या मधून घुसायची हिंमत तिच्यातच होती. बातमीत यातलं काहीच नाही.

वाचकांना एक सांगते. फ्री थ्रो दिसतो सोपा. समोर कोणी अडवायला नसतं, रेषेपासून बोर्ड ४.६ मीटरवर, रिंग ३.०५ मीटर उंचीवर, आणि बॉल हातात आला की टाकायला ५ सेकंद. अवघड असतं ते त्याच्या आधीचं. मुलगी नुकतीच जीव तोडून धावलेली असते, छाती भात्यासारखी हलत असते आणि सगळं मैदान अचानक थांबून तिच्या एकटीकडे बघत असतं. पाय थकले की बॉल रिंगच्या अलीकडेच पडतो. तिचे दोन्ही फ्री थ्रो रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले. अंगात ताकद राहिली नव्हती, एवढंच त्यातून कळतं. कच खाणारी मुलगी बॉल दुसऱ्याला देऊन मोकळी होते.

आता जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू ज्याला म्हणावं अशांपैकी एकाचं सांगते. यानिस अँटेटोकुंपो. आईवडील नायजेरियातून ग्रीसमध्ये आलेले, मुलगा अथेन्समध्ये वाढला, रस्त्यावर घड्याळं आणि गॉगल विकून घराला हातभार लावायचा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये मिलवॉकी बक्स संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याचा संघ ८२ पैकी ६७ सामने हरला. पुढे २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षं लागोपाठ तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन्ही वर्षी बाद फेरीत संघ गारद झाला. मोठ्या सामन्यात हा उभा राहत नाही, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं.

फ्री थ्रो हा तर त्याचा जाहीर कच्चा दुवा. शंभरातले तीसेक तो चुकवायचा. तिकडे बॉल टाकायला १० सेकंद मिळतात आणि तो जवळजवळ सगळे वापरायचा, म्हणून २०२१ च्या बाद फेरीत परक्या मैदानावरचे हजारो प्रेक्षक तो रेषेवर उभा राहिला की एक, दोन, तीन असे आकडे मोठ्याने ओरडून मोजायचे. त्यातच अटलांटाविरुद्ध त्याचा गुडघा उलटा वाकला, दोन सामने बाहेर बसला. अंतिम फेरीत फिनिक्सविरुद्ध पहिले दोन सामने संघ हरला. नंतरचे चार जिंकला. २० जुलैच्या शेवटच्या सामन्यात यानिसने ५० गुण केले आणि १९ पैकी १७ फ्री थ्रो आत घातले. मिलवॉकीला १९७१ नंतर थेट तेव्हा विजेतेपद मिळालं.

प्रेरणादायी व्याख्यानं इथे संपतात. मला मात्र मुलींना याच्या पुढचं सांगावंसं वाटतं. दोनच वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकलेला मिलवॉकीचा संघ आठव्या मानांकनाच्या मायामीकडून पहिल्याच फेरीत ४-१ असा हरला. शेवटच्या सामन्यात यानिसचे २३ पैकी १० फ्री थ्रो आत गेले. तेरा चुकले. सामना बरोबरीमुळे ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेला आणि संघ दोन गुणांनी हरला. तोच माणूस, तीच रेषा. आत्मविश्वास एकदा मिळवला की जन्मभर पुरतो, असं मुलांना सांगणं खोटं आहे. तो येतो, जातो, पुन्हा मिळवावा लागतो. म्हणून मी मुलींना थकवून, दोन फेऱ्या पळवून मग फ्री थ्रो टाकायला लावते. दर वेळी तेवढेच ड्रिबल (बॉलचे टप्पे), एक श्वास, नजर रिंगवर. चुकला तरी पुढचा तसाच. भाकरीला हात बसावा तसा फ्री थ्रोला हात बसतो, पण त्यासाठी रोज रेषेवर उभं राहायला मिळालं पाहिजे.

त्या पराभवानंतर पत्रकार परिषदेत यानिसला विचारलं गेलं, हा मोसम अपयशी मानतोस का? तो क्षणभर वैतागला, मग शांतपणे बोलला. त्याच्या सांगण्याचा आशय असा : मायकेल जॉर्डन पंधरा मोसम खेळला, सहा विजेतेपदं मिळवली, मग बाकीची नऊ वर्षं अपयश म्हणायची का? खेळात अपयश नसतं, काही दिवस तुमचे असतात, काही नसतात. यावर तिकडे वाद झाला. काहींना ती पळवाट वाटली. मला तसं वाटत नाही, कारण तो पराभव नाकारत नव्हता आणि चुकलेले तेरा फ्री थ्रो सगळ्यांनी पाहिले होते.

पण संपादक महोदय, एक फरक बघा. यानिस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, कोट्यवधींचा करार, समोर माईक, उत्तर द्यायची सोय. आमच्या मुलीला कोणी विचारलं? तिच्यापुढे माईक नव्हता, फक्त छापलेलं नाव होतं.

एवढे धिप्पाड, पैसेवाले खेळाडूसुद्धा मनाने कोसळतात, हे आता तिकडे उघडपणे बोललं जातं. केव्हिन लव्ह हा तेव्हा एनबीएमधल्या क्लीव्हलँड संघाचा नामांकित खेळाडू होता. ५ नोव्हेंबर २०१७ ला घरच्या मैदानावर सामना सुरू असताना त्याला भीतीचा झटका आला, श्वास लागेना, तो मैदान सोडून आत गेला. पुढच्या मार्चमध्ये त्याने हे सगळं स्वतः लिहून प्रसिद्ध केलं. त्याने कधी बोलायचं आणि किती बोलायचं, हे त्याचं त्याने ठरवलं. आपल्याकडे घाबरलेल्या मुलाला 'मन घट्ट कर' म्हणतात आणि विषय मिटतो.

साताऱ्याला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या पैलवानाला तिथे मॅटवर लढावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मधली चार वर्षं त्यांना मिळाली, हा माझा मुद्दा आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. तो दहावा क्रमांक मी शाळेच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला होता आणि मुलींनी त्याच्याभोवती फुलं काढली होती. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटात सगळ्यांत शेवटी येणाऱ्या धावपटूसाठीही सातारकर टाळ्या वाजवत उभे असतात. हेच लोक चौदा वर्षांच्या आतल्या पोरीला एका गुणासाठी जाब विचारणार नाहीत. त्यांच्या हाती तशी बातमी पडली म्हणून गल्लीत चर्चा झाली.

आपला वार्ताहर वाईट हेतूने लिहीत नाही, हे मी जाणते. मोठ्या सामन्यांच्या बातम्यांची जी भाषा आहे, 'नामुष्की', 'धुव्वा', 'घोर निराशा', तीच सवयीने मुलांच्या सामन्यांना लागते. मानधन घेणाऱ्या, कराराने खेळणाऱ्या माणसावर टीका जरूर करा, ती त्याच्या पेशाचा भाग आहे. शाळकरी मुलगी डबा खाऊन, दप्तर बाजूला ठेवून खेळायला येते.

म्हणून विनंती. सोळा-सतरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या बातमीत पराभवाचं खापर नाव घेऊन कोणावर फोडू नये, असा नियम आपल्या वृत्तपत्राने स्वतःपुरता करावा. जिंकल्यावर नाव छापा, फोटो छापा, आईवडील कात्रण जपून ठेवतात. शाळांच्या मुख्याध्यापकांनाही आपल्या अंकातून एक सांगायचं आहे : संध्याकाळी फाटकाला कुलूप लावता, ते तासभर उशिरा लावा. हरलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी रिंगसमोर उभं राहायला मैदान लागतं, आणि शाळा सुटल्यावर अनेक ठिकाणी ते बंद असतं. पालकांनाही विनवते, मैदान सोडायचा निर्णय हरल्याच्या आठवड्यात घेऊ नका. निदान एक मोसम जाऊ द्या.

त्या मुलीकडे मी पुन्हा जाणार आहे. तिने परत यायचं की नाही, ते तिने ठरवावं. पुढच्या मोसमात आमचे तालुक्याचे सामने होतील तेव्हा आपला वार्ताहर जरूर पाठवा. त्याला मी माझी वही दाखवीन. त्यातले सगळे आकडे घ्या, चुकलेले ले-अप आणि चुकलेले फ्री थ्रोसुद्धा मोजून छापा. फक्त त्यांच्यापुढे मुलींची नावं घालू नका.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, सातारा