काढलेले तुकडे तपासायचे की नाही?

संपादक महोदय,

ऐन कापूस वेचणीत आमच्या दादांची (वय ७१) लघवी तुंबली. नळी घातली. पीएसए (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल; सगळे म्हणाले, त्या ग्रंथीची म्हातारपणाची गाठ. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. काढलेले तुकडे तपासायला पाठवायचे का, असं कंपाउंडरनं विचारलं तेव्हा खर्चापायी मी 'नको' म्हणणारच होतो. आईनं अडवलं. (पैसेही तिनंच लुगड्याच्या गाठीतून काढले.) रिपोर्टात प्रोस्टेटचा लिम्फोमा निघाला! रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा हा कर्करोग तिथं फार क्वचित होतो, पीएसएवरून सहसा कळत नाही. तुकड्याच्या मार्कर तपासणीतच (पेशींवरच्या खुणा पाहून) ओळखू येतो. शस्त्रक्रियेनं लघवीची वाट मोकळी झाली, मूळ आजाराला मात्र केमोच. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या सहा खेपा झाल्या. ही तपासणी पेशंटच्या मर्जीवर का सोडतात, हे आरोग्य खात्यानं सांगावं.

— एक शेतकरी, ता. गेवराई, जि. बीड